तलावाची वही

हा भाग बोललो तसाच उतरवलाय, मधले 'म्हणजे म्हणजे' तेवढे काढलेत.

सुरुवात एका रस्त्यापासून करू. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत, न थांबता टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हा प्रत्येकाच्या स्टेटसला तोच व्हिडिओ होता. माझ्याही. पण रस्ता डांबरानं सुरू होत नाही, आधी भराव लागतो. तो भराव कुठून येतो, हे आपण विचारत नाही. या महामार्गाच्या कामात काही ठिकाणी तळी खोदून, खोल करून निघालेली माती वापरली गेली, त्यातली काही तळी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीवर झाली. सौदा चांगला होता बरं का. रस्त्याला माती मिळाली आणि शिवारात पाणी थांबायला जागा झाली.

मी हे सांगतोय कारण माझ्या आजोळी नेमकं उलटं होऊ घातलंय. तिथे तलावातली माती बाहेर काढायची नाहीये, बाहेरची माती तलावात टाकायची आहे. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, प्रकरण अजून कचेरीत आहे आणि माझे मामा त्यात दुसऱ्या बाजूला आहेत.

गाव अकोला जिल्ह्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. आपले शहरातले श्रोते असतील त्यांच्यासाठी थोडक्यात: अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदी जाते. तिच्या दोन्ही काठांनी गाळाचा मोठा पट्टा आहे आणि त्याच्या पोटातलं पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा, निघेल ते खारटच. आजी सांगायची, विहिरीच्या पाण्यात वरण शिजत नाही, डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाणा दाणाच राहते. चहा केला तर दूध फाटतं. म्हणून घरात पाण्याचे दोन हिशेब असायचे. विहिरीचं पाणी भांड्यांना, धुण्याला, गुरांना. तलावाचं पाणी वरणाला आणि पाहुण्यांच्या चहाला. तलावाचं पाणी गोडं, कारण ते आभाळातून पडलेलं, जमिनीच्या पोटात न गेलेलं. आजी नवी सून म्हणून आली तेव्हा सासूनं तिला पहिली गोष्ट काय शिकवली? कोणती घागर कशाची, ते. तलावाच्या घागरीच्या गळ्याला सुतळी बांधलेली असायची, अंधारातही हाताला कळावी म्हणून.

मग वान धरणावरून 84 खेडी योजना झाली, अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना नळ आले. चांगलंच झालं, कोणी उगाच जुन्या दिवसांचे उमाळे काढू नयेत. डोक्यावर घागर घेऊन दोन फेऱ्या मारणाऱ्या बाईला विचारा नळ काय असतो ते. पण नळ आला त्या वर्षापासून तलावाला कोणी विचारेना. सुतळीची घागर माळ्यावर गेली.

आता मोठा इतिहास. झोपू नका.

आपल्याला वाटतं विदर्भ म्हणजे सगळीकडे सारखंच. तसं नाही. पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडे, हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं ते बांधले. नवेगाव बांध त्यातलाच. त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात, कारण पुढे त्यांची मालकी मालगुजारांकडे होती. तलावात पाणी थांबलं तर धान, धान आलं तर मालगुजाराचा सारा, म्हणून पाळ फुटली की मालगुजाराच्या पोटात गोळा यायचा. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यातल्या कितीतरी तलावांत गाळ साचत गेला.

वऱ्हाडात मालगुजार नव्हताच. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि इथे रयतवारी लागू झाली. शेतकरी थेट सरकारला सारा भरणार, मधे कोणी नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते बरं होतं. पण गावच्या तलावाला मधला कोणी धनी उरला नाही. शिवाय इथली काळी माती कापसाची, धानासारखं उभं पाणी तिला नको. त्यामुळे वऱ्हाडातले तलाव संख्येनं कमी आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. कुठे किल्ला होता म्हणून, कुठे देवस्थान, कुठे पाणीच खारं म्हणून.

किल्ल्यांचं बघा. अकोट तालुक्यातला नरनाळा. 1487 मध्ये फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कनं तिथला महाकाली दरवाजा बांधला. सगळे त्या दरवाजासमोर फोटो काढतात, मीही काढलाय. पण वर गडावर गेलात की खरं काम दिसतं ते तलावांचं आणि टाक्यांचं. डोंगराच्या माथ्यावर नदी नाही, विहीर लागत नाही. पावसाचा थेंब धरून ठेवला तर शिबंदी जगेल, नाहीतर शत्रूला तोफही लागणार नाही. तिकडे गाविलगडावरही तेच, देवतलाव वगैरे. गडावरच्या तलावाला धनी असतो, कारण किल्लेदाराची मान त्यात अडकलेली असते.

आणि लोणार. लोणार बुलढाणा जिल्ह्यात येतं, म्हणजे वऱ्हाडातच. उल्का पडून झालेलं बेसाल्ट खडकातलं विवर, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं. तुम्ही रील्स पाहिलेत, तेव्हा उल्केवर वेळ घालवत नाही. मला त्यातली वेगळी गोष्ट आवडते. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येतं, आणि ते कशासाठी? तर इथे काच आणि साबण करायचं साहित्य मिळतं म्हणून. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला उल्केशी घेणं नव्हतं, वसुलीशी होतं. तलावाच्या क्षारांना लोकांनी नावं दिली होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. ज्या गोष्टीला चार नावं असतात ती रोजच्या हातातली असते. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी तिथे आला आणि हे काहीतरी विलक्षण आहे अशी नोंद झाली. क्षार गोळा करणाऱ्या माणसांना ते आधीपासूनच माहीत असावं, फक्त त्यांना कोणी कागद दिला नव्हता.

पुढची लोणारची कथा कागदांचीच आहे. 2000 मध्ये अभयारण्य झालं. गावाचं सांडपाणी तलावात उतरत होतं, त्यासाठी नागरिक नागपूर खंडपीठात गेले. जून 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये, पाणी गुलाबी झालं आणि देशभर बातमी झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेलं, नाशिकच्या नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. रामसर म्हणजे इराणमधलं गाव, 2 फेब्रुवारी 1971 ला तिथे पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून 2 फेब्रुवारीला आपल्याकडे शाळाशाळांतून पाणथळ दिवस साजरा होतो आणि पोरं बदकांची चित्रं काढतात, बहुतेक पिवळी.

आता अमरावती. कापसाच्या पैशानं हे शहर फुगलं. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापूस हवा झाला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, वाटेत अकोला आणि बडनेरा. माणसं वाढली, जिनिंग-प्रेसिंग आले, आणि प्यायचं पाणी? म्हणून काळी नदीला मातीचा बांध घालून 1888 मध्ये छत्री तलाव झाला. वडाळीचा तलावही शहराच्या आसपासच्या लोकांच्या पाण्यासाठीच. आज आपण तिथे भुट्टा खायला जातो, जोडीनं सेल्फी काढतो. पण एके काळी त्या पाण्याची पातळी किती उतरली हा अमरावतीतल्या घराघरातला प्रश्न होता. मग 1990 च्या दशकात मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी आलं. तलाव उरला सहलीपुरता, आणि जंगलाला लागून असल्यानं बिबट्यापुरता. मागे एकदा एका कॉलेजात मी विचारलं होतं, छत्री तलावाचं पाणी कमी झालं तर तुम्हाला कसं कळेल? एक पोट्टा म्हणाला, "इन्स्टावर दिसल नं."

हसलो आम्ही. पण तो खरं बोलला.

माझ्या आजोळच्या तलावात पाणी किती उतरलं, हे मात्र 2014 पासून एका वहीत लिहिलेलं आहे.

ही वही एका निवृत्त पोस्टमास्तरांची. सगळे त्यांना काकाच म्हणतात. अकोला आणि अकोटहून येणारी सात-आठ पक्षी पाहणारी पोरं-पोरी, गावातल्या दोन शिक्षिका, एक भोई आजोबा आणि काका, एवढाच गट. नाव नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला घाटावर जमायचं. प्लॅस्टिक वेचायचं, जलकुंभी ओढायची, पक्षी मोजायचे आणि शेवटी चहा. जानेवारीतली मोजणी जरा मोठी, कारण त्याच सुमारास आशियाई पाणपक्षी गणना असते. 1987 पासून आपल्या देशात ती चालते, हौशी लोकच करतात. आणि नोव्हेंबरात पक्षी सप्ताह: 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सलीम अलींचा, त्या मधला आठवडा. चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले, तेव्हा काकांनी वहीत एक पान कोरं सोडलं.

पहिल्यांदा मी गेलो तो खरं तर टिंगल करायला. त्याआधी अकोल्यात मोर्णा नदीचं पाहिलं होतं. 13 जानेवारी 2018, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, चार किलोमीटरच्या पट्ट्यात, चौदा ठिकाणी, सहा हजारांवर माणसं नदीत उतरली. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये उल्लेख केला. मीही होतो त्या गर्दीत, गमबूट उसने आणले होते. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली होती. आणि मग जलकुंभी परत आली. ती येणारच. पोषक पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते, तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि सांडपाणी नदीत येतंय तोवर तिला खत आयतं मिळतं. सहा हजार माणसं एका दिवसात जे काढतात ते नाल्याचं एक तोंड दोन महिन्यांत परत देतं. त्यामुळे मला वाटायचं, ही आठ माणसं काय करणार?

त्या दिवशी भोई आजोबा पाण्यात कमरेपर्यंत उभे होते. मी काठावरून फोटो काढत होतो. ते म्हणाले, "काहून बावा, पान्याले भेते काय?" उतरलो. जलकुंभी ओढताना कळतं की ती वरून फुलासारखी हलकी दिसते आणि खालून मुळांच्या झुपक्यात अर्धा तलाव घेऊन येते. अर्ध्या तासात कंबर गेली. आजोबा एकीकडे जाळं आवरत, दुसरीकडे आमच्या पोरांना टोमणे मारत. तलावाचा मासेमारीचा ठेका त्यांच्या संस्थेकडे असायचा, आता मासळीच उरली नाही. "तुमी पक्षी मोजता," ते म्हणाले, "मान्सं कवा मोजसान?"

काकांनी ते मनावर घेतलं असावं. कारण मी नंतर वही चाळली तेव्हा दिसलं, त्या महिन्यापासून पुढे एक नवा रकाना आहे: आलेली माणसं.

वही कशी आहे ते सांगतो. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, अशा तीन. घाटाला सतरा पायऱ्या आहेत. काका फूटपट्टी लावत नाहीत, कोरड्या पायऱ्या मोजतात. 'कोरड्या पायऱ्या: 4.' मे महिन्यात '15.' 2018 च्या उन्हाळ्यात सगळ्या सतरा, आणि पुढे लिहिलंय, 'मधोमध डबकं. टिबुकली दोन.' मग पक्ष्यांची यादी: हळदी-कुंकू बदक, थापट्या, तलवार बदक, वारकरी, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी. एका जानेवारीत पट्टकादंब अकरा. हा हंस हिमालय ओलांडून येतो, आणि येऊन उतरतो कुठे, तर आमच्या मामांच्या शेताच्या बांधाला. काकांनी त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्यात.

पण माझं वाचन अडलं ते समासातल्या ओळींवर. 'आज पोळा. बैल चार आले.' पुढच्या वर्षी, 'पोळा. बैल तीन, एक ट्रॅक्टर धुतला.' 'भुलाबाई शिरवल्या, मुली सात.' आपल्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते, कोजागिरीपर्यंत गाणी, खिरापत, आणि मग विसर्जन. त्या मूर्तींची माती पूर्वी याच तलावाची असायची. पोळ्याच्या मातीच्या बैलांचीही. उन्हाळ्यात तलाव आटला की शेतकरी गाड्या लावून गाळ शेतात न्यायचे, फुकटचं खत. 2017 मध्ये सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना काढली तेव्हा काकांनी समासात एवढंच लिहिलं: 'जुनीच रीत, नवं नाव. चांगलं.'

या सगळ्याला मी इतिहास म्हणतो. 1870 मध्ये ए. सी. लायल यांनी वऱ्हाडचं गॅझेटियर काढलं, ते मी फार मन लावून वाचतो, त्यात पीक, सारा, बाजार सगळं आहे. आईन-ए-अकबरीतही आहे. त्या लिहिणाऱ्यांना या मुलखातून काहीतरी न्यायचं होतं. 'बैल तीन, एक ट्रॅक्टर' लिहिणाऱ्याला काय न्यायचं होतं? काकांना एकदा विचारलं. म्हणाले, पोस्टात चाळीस वर्षं रोज शिक्का मारून तारीख टाकायची सवय, सुटत नाही.

आता मामांकडे येतो, कारण ते टाळून चालणार नाही.

गेल्या वर्षी ठरलं की तलावाच्या उत्तरेच्या कडेला भराव टाकायचा आणि तिथे सभागृह अन् पाच-सहा गाळे बांधायचे. मामा त्या बाजूचे. आणि त्यांचं म्हणणं काही वेडगळ नाही. गावात लग्नाला मांडव टाकायला जागा नाही, शाळेच्या आवारात टाकावा लागतो. पोरांना हाताला काम नाही, गाळे निघाले तर दोघा-तिघांचं दुकान लागेल. त्यात माझा मामेभाऊ आहे, दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करून घरी बसलाय. "तुमचे पक्षी जानेवारीत येतात अन् मार्चात जातात," मामा म्हणाले, "हा पोरगा बारा महिने घरी असतो." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं तेव्हा काही नव्हतंच.

गट कचेरीत गेला, हरकत द्यायला. तिथे बसलेल्या साहेबांनी सातबारा उघडून दाखवला. तलाव असा शब्दच नाही. उत्तरेचा तो तुकडा 'सरकारी पड'. साहेब शांतपणे म्हणाले, कागदावर तर इथे पाणी नाही, तुमच्याकडे काही पुरावा? सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात सांगितलंय की गावचे तलाव ही समाजाची संपत्ती, ती वाटून टाकता येत नाहीत. आमच्यातल्या एलएलबी करणाऱ्या पोरीनं तो निकाल छापून नेला होता. साहेबांनी तो घेतला. पण त्यासाठी आधी तो तलाव आहे हे सिद्ध करायचं होतं. देशात जलसाठ्यांची पहिली गणना 2023 मध्ये प्रसिद्ध झाली, 24 लाख 24 हजार 540 जलसाठे मोजले गेले. त्यात आमचा होता की नाही, हे त्या टेबलावर कोणाला सांगता येईना.

मग काकांनी पिशवीतून तीन वह्या काढल्या.

कोरड्या पायऱ्या, अकरा वर्षांच्या, दर महिन्याच्या. उत्तरेच्या कडेसाठी वेगळी खूण: त्या बाजूला एक बाभूळ आहे, 'बाभळीच्या बुडाला पाणी' किंवा 'बाभूळ कोरडी' असं प्रत्येक पावसाळ्यात लिहिलेलं. अकरापैकी आठ वर्षं बाभळीच्या बुडाला पाणी होतं. साहेबांनी पानं उलटली. पोळ्याची ओळ वाचून ते जरा हसले, त्यांच्याही गावाला ट्रॅक्टर धुत असतील. मग म्हणाले, ही वही सरकारी नाही, पण मी मोजणी लावतो.

मोजणी झाली. निकाल अजून आलेला नाही. मी हे बोलतोय तोपर्यंत तरी भराव पडलेला नाही, एवढंच.

दिवाळीला आजोळी गेलो तर मामींनी वाढलं, मामा शेतात निघून गेले. आजी आता नव्वदीला टेकल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांना सभागृह कळलं, पक्षी कळले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "नय बंद पडला तं मंग वरन कशात शिजवसान?" आता नळ बंद पडत नाही असं नाही हं. उन्हाळ्यात आठ-आठ दिवस येत नाही. तेव्हा गावात कॅनची गाडी येते.

माझ्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट फिरतेय, तिचं अजून काही झालेलं नाही. सभागृहाला जागा तलावातच का? गावठाणाच्या पश्चिमेला पडकी जिनिंगची जागा आहे. शिक्षिकाबाईंनी ग्रामसभेत तो अर्ज दिलाय. मामा त्या सभेला होते, विरोधात बोलले नाहीत म्हणे. बाजूनंही नाही.

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हात थोडा थरथरतो. या जानेवारीच्या रविवारी त्यांनी वही माझ्या हातात दिली. म्हणाले, अक्षर बरं काढ, अन् गाळू नको काही. थंडी होती, पाण्यावर धुकं, पहिला अर्धा तास काहीच दिसेना. मग एकदम शेकाट्यांचा आवाज आला. मी जे लिहिलं ते जसंच्या तसं वाचतो.

'रविवार. कोरड्या पायऱ्या: 6. बाभळीच्या बुडाला पाणी. हळदी-कुंकू बदक 14, थापट्या 22, वारकरी 60 च्या वर, शेकाट्या 9, टिबुकली 5, चित्रबलाक 2. पट्टकादंब नाहीत. जलकुंभी पूर्वेच्या कोपऱ्यात परत. माणसं: 11. मामेभाऊ आला, चहा त्यानं केला. मामा घाटावर येऊन उभे राहिले, वरून तिसऱ्या पायरीवर. खाली उतरले नाहीत.'